पिशवी काढण्याआधी तांबीचे कोणी सांगितले होते का?

बीड जिल्ह्याचे नाव गेल्या काही वर्षांत देशभरच्या वर्तमानपत्रांत दोनदा गाजले आणि दोन्ही वेळा ते बाईच्या गर्भाशयावरून गाजले. पहिल्यांदा २०१२ साली. आमच्या परळी वैजनाथच्या एका खासगी दवाखान्यात गर्भपात करताना एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि इथे मुलींचे गर्भ कसे पाडले जातात ते जगाला कळले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली, म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात खालचा आकडा, बीडचा होता. त्या डॉक्टर दांपत्याला २०१९ साली न्यायालयाने दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्याच २०१९ साली बीड दुसऱ्यांदा गाजले. तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

या आकड्यांवर पुष्कळ बोलले गेले. मुकादमावर बोलले गेले, उचलीवर बोलले गेले, डॉक्टरांच्या लोभावर बोलले गेले. ते सगळे खरेच आहे. परंतु एक साधा प्रश्न मात्र चर्चेत फारसा आला नाही. त्या बाईला पिशवी काढण्याखेरीज दुसरा कोणता इलाज सांगितला होता? आणि दुसरा इलाज होता की नाही? होता. त्यातला एक इलाज म्हणजे तांबी. हा लेख त्या तांबीविषयी आहे. वर्तमानपत्रात हा विषय कशाला, असे काही बांधवांना वाटेल. त्यांनी हा लेख घरातल्या बाईच्या हातात द्यावा, म्हणजे झाले.

तांबी म्हटले की आपल्या वस्तीतील बाईला कॉपर-टी आठवते. पहिले बाळंतपण झाले की दुसऱ्याला अंतर ठेवायला सिस्टर जी बसवते ती. मूल नको म्हणूनच तांबी, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या बाईला कोणी तांबीचे नाव काढले तर ती हसते. तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन पंचविशीतच झालेले असते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचे ते झालेले आहे. मग तिला तांबी कशाला? गैरसमजाची गाठ इथेच आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

तांब्या दोन जातीच्या असतात. एक तांब्याची तार गुंडाळलेली. ती गर्भ राहू देत नाही, पण पाळीत रक्तस्राव वाढवते. दुसरी दिसायला तशीच, इंग्रजी टी अक्षरासारखी, पण तिच्या दांड्यात तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक ५२ मिलिग्रॅम भरलेले असते. ते रोज अगदी थोडे थोडे पिशवीच्या आतल्या बाजूला पाझरते. याने पिशवीचे अस्तर पातळ राहते आणि अंगावरून जाणे काही महिन्यांत पुष्कळ कमी होते. काही बायकांची पाळी वर्षभरात बंदही होते. गर्भ राहू न देणे हे तिचे एक काम, आणि जास्तीचा रक्तस्राव थांबवणे हे दुसरे. ऑपरेशन झालेल्या बाईला या दुसऱ्या कामासाठी ती बसवतात. पहिल्या तांबीने रक्त वाढते, दुसरीने घटते. एकाच नावाखाली दोन उलट्या वस्तू आहेत, हे आपल्या किती बायकांना माहीत आहे?

आता चाळिशीत अंगावरून इतके का जाते ते पाहू. भारतातील बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. परंतु ती एका दिवसात जात नाही. आधी चार-पाच वर्षे तिची चाल बिघडते. दर महिन्याला स्त्रीबीज सुटेनासे होते. बीज सुटले नाही की अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. अस्तर जाड होत राहते आणि मग दोन-दोन महिन्यांनी एकदम गाठीगाठींनी पडते. दहा दिवस, पंधरा दिवस थांबत नाही. ज्या राज्यात शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे हे पंधरा दिवस म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पण ध्यानात घ्या, हे बहुतेक वेळा संप्रेरकांच्या चढउताराचे लक्षण असते. पिशवी नासल्याचे नसते. आपल्याकडे मात्र पोटाची सोनोग्राफी होते, पडद्यावर बोट ठेवून पिशवीला सूज आहे असे सांगितले जाते आणि पुढे एक शब्द येतो – कॅन्सर. त्या शब्दानंतर बाई काही विचारत नाही. नवरा दागिना मोडतो किंवा मुकादमाकडून उचल वाढवून घेतो. पांढरे जाण्याच्या तक्रारीवरही पिशव्या काढलेल्या आहेत. पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो!

संप्रेरकाची तांबी हा रामबाण नव्हे. ती बसवण्याआधी रक्तस्रावाचे कारण तपासलेच पाहिजे. चाळिशीच्या पुढच्या बाईचे अंगावरून जाणे वाढले असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणे, गर्भाशयमुखाची तपासणी करणे, रक्त पाहणे हे आधी. पाळी पूर्ण गेल्यावर वर्षाने पुन्हा डाग दिसला तर एक दिवसही थांबू नये. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला ही तांबी चालत नाही. पिशवीत जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो. मोठ्या गाठींनी पिशवीचा आकारच बिघडला असेल तर ती टिकत नाही. कर्करोग, फार मोठ्या गाठी, बाहेर आलेले अंग, किंवा सगळे इलाज करूनही न थांबणारा रक्तस्राव या कारणांसाठी पिशवी काढावी लागते आणि तेव्हा ती काढलीच पाहिजे. शस्त्रक्रिया वाईट असे माझे म्हणणे नाही. ती पहिली पायरी कशी झाली, हा माझा प्रश्न आहे. तिशी-पस्तिशीत पिशवी काढली आणि तिच्यासोबत बीजकोशही काढले तर बाईला त्याच दिवशी म्हातारपण येते. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. मग जी बाई मोळी उचलता यावी म्हणून पिशवी काढते, तिलाच दोन-तीन हंगामांनी मोळी उचलवत नाही.

तांबीखेरीज आणखीही इलाज आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली सेंटक्रोमन ही गोळी सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने मोफत मिळते. ती गर्भनिरोधक म्हणून दिली जाते, परंतु याच औषधाचा उपयोग स्त्रीरोगतज्ज्ञ जास्तीच्या रक्तस्रावावरही करतात. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत. कोणती कोणाला, हे डॉक्टरने ठरवायचे. दुकानातून आणून घेऊ नये.

मग हे सगळे असताना पिशवीच का? उत्तर पैशाच्या वाटेत आहे. सरकारच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात मोफत मिळते ती तांब्याची तांबी. संप्रेरकाची तांबी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण ती विकत घ्यायची तर काही हजार रुपये मोजावे लागतात. पुण्या-मुंबईच्या बाईला तिचा डॉक्टर ती सुचवतो, दहा मिनिटांत बसवतो आणि ती बाई दुसऱ्या दिवशी कचेरीत जाते. आमच्या बाईला त्याच तक्रारीवर सुरी. दोघींचे वय तेच, शरीर तेच, आजार तोच. इलाज मात्र जातीने आणि खिशाने वेगळा. आरोग्य विमा योजनांची रचनाही अशी की बाई भरती होऊन शस्त्रक्रिया झाली तर योजनेतून पैसे सुटतात, बाह्यरुग्ण विभागात बसून विचारपूस, तपासणी, गोळ्या यांना पैसे नाहीत. कापण्याला निधी आहे, सांभाळण्याला नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थान या राज्यांत विमा योजनेच्या पैशासाठी पिशव्या काढल्या गेल्याच्या तक्रारी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात नेल्या. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने त्यावर निकाल दिला. अनावश्यक पिशवी-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमाव्यात, असा तो आदेश आहे. आरोग्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

वकील म्हणून मला याहूनही मोलाचा वाटतो तो एक जुना निकाल. समीरा कोहली खटला, १६ जानेवारी २००८, सर्वोच्च न्यायालय. दिल्लीची ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ च्या मे महिन्यात पाळी लांबल्याची, नऊ दिवस रक्त जात असल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेली. म्हणजे नेमका आपला विषय. तिने दुर्बिणीच्या तपासणीच्या कागदावर सही केली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिची पिशवी आणि दोन्ही बीजकोश काढून टाकले. ग्राहक आयोगात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले की सज्ञान बाईच्या शरीराबाबत आईची संमती चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जीव जाण्याची वेळ असेल तेवढाच अपवाद. आणि संमती खरी ठरायची तर डॉक्टरने पुढील गोष्टी सांगितल्याच पाहिजेत : इलाज कोणता, कशासाठी, फायदा काय, धोका काय, इलाज केला नाही तर काय होईल, आणि दुसरे पर्याय कोणते. डॉक्टरांना फी मिळणार नाही आणि २५,००० रुपये भरपाई द्यावी, एवढेच त्या बाईच्या पदरात पडले. रक्कम तुटपुंजी होती. परंतु तत्त्व मोठे आहे. पर्याय सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही संमतीच नाही!

आता हे तत्त्व परळी तालुक्यातील बाईला लावा. आईची सही चालत नसेल तर नवऱ्याची कशी चालेल? छापील इंग्रजी कागदावर उठवलेला अंगठा म्हणजे पर्याय समजावल्याचा पुरावा कसा होईल? दवाखान्याचे कागद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत ते दिले पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ही दोन वर्षांची मुदत आपल्या बाया गमावतात. कारण पिशवी काढल्यावर पहिला हंगाम त्या बरे वाटेल या आशेवर काढतात, दुसरा हंगाम कंबर धरून काढतात, आणि विचारायला येतात तेव्हा मुदत गेलेली असते. म्हणून कागद पहिल्याच महिन्यात मागून ठेवावेत, तक्रार असो वा नसो.

एक गोष्ट मात्र आपण कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे. पुष्कळ बायका स्वतःहून पिशवी काढा म्हणतात. त्या अडाणी आहेत म्हणून नव्हे, त्या हिशेब करतात म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकीने दिवस बुडवला तर कोयत्याचा खाडा आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता. फडात संडास नाही, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पहाटे चारला उठून रात्री गाडी भरायची. अशा ठिकाणी पंधरा दिवस अंगावरून जाणारी बाई काय करील? तिने मांडलेला हिशेब बरोबरच आहे, तिच्यासमोर ठेवलेले पर्याय खोटे आहेत. म्हणून तांबीचा आग्रह धरताना मला एक भीतीही वाटते. उद्या एखादा मुकादम म्हणेल, आमच्या टोळीत तांबी बसवलेल्या बायकाच घेऊ, म्हणजे खाडा नको. कुटुंबनियोजनाच्या टार्गेटचा काळ आपण पाहिलेला आहे. केंद्र सरकारने ती टार्गेट पद्धत १९९६ साली बंद केली, परंतु ती वृत्ती संपली असे कोण म्हणेल? तेव्हा हे ठणकावून सांगितले पाहिजे की तांबी बसवायची की नाही हे बाई ठरवील, आणि काढून टाका म्हणाली तर कारण न विचारता काढून द्यावी लागेल. नवऱ्याच्या सहीची त्यात गरज नाही. आणि फडावर पाणी, संडास, पाळीच्या दिवसांची रजा ही मागणी तांबीमुळे एका पावलानेही मागे जाणार नाही.

संप्रेरकाची तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग दिसतात. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून ती काढून टाकते. आपल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात आणि भीमजयंतीच्या आगेमागे परततात. तेव्हा तांबी बसवायची तर ती परतल्यावर, एप्रिल-मे महिन्यात. म्हणजे दसऱ्यापर्यंत डाग थांबतात, महिन्या-दीड महिन्याने दाखवायला जाता येते, आणि काही बिघडले तर घरी असताना कळते. बसवल्याच्या तारखेचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावे. आणखी एक सांगायचे आहे ते जुन्या तांबीविषयी. तरुणपणी बसवलेली कॉपर-टी विसरून गेलेल्या साठीच्या आज्या आपल्या वस्त्यांत आहेत. पाळी गेल्यावर ती काढून घ्यायची असते. ज्यांचे ऑपरेशन झालेले नाही त्यांनी हेही लक्षात ठेवावे की पाळी अनियमित झाली तरी गर्भ राहू शकतो. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षे, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष, काळजी घ्यावी लागते.

या विषयावर बोलायला आपल्या चळवळीला संकोच का वाटावा? र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला, त्याचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२. ठराव पडला. ज्या काळात हा शब्द उच्चारायला पुढारी लाजत होते, त्या काळात बाबासाहेबांनी तो कायदेमंडळात नेला. आणि आज आपण मोर्चात बाईच्या पिशवीचा आकडा ओरडून सांगतो, पण विहारात पाळीचे नाव काढत नाही. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन होते, त्याला सगळ्यात जास्त बायकाच बसतात. तिथे एक संध्याकाळ स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलवायला काय हरकत आहे? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, परळीपासून तासाभराच्या आत. तिथल्या डॉक्टरांना रीतसर पत्र देता येते.

मागणीही नेमकी असावी. परळीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि ऊसतोड बायका जास्त असलेल्या तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांत संप्रेरकाची तांबी मोफत मिळाली पाहिजे, ती बसवणाऱ्या डॉक्टर-सिस्टरना प्रशिक्षण दिले पाहिजे, आणि अस्तराचा तुकडा तपासण्याची सोय जिल्ह्यातच झाली पाहिजे.

शिवाय २०१९ च्या गदारोळानंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याने पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे ठरले. त्या परवानगीच्या फाइली सरकारी आहेत आणि माहिती अधिकारात मागता येतात. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तोही खर्च नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. बाईचे नाव-गाव मागू नये, ते गुप्तच राहिले पाहिजे. विचारायचे ते एवढेच : मागील तीन वर्षांत किती परवानग्या दिल्या, त्या बायकांची वये काय, किती अर्ज नाकारले, आणि पिशवी काढण्याआधी कोणते इतर इलाज केले याची नोंद किती अर्जांत आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आले की ते घेऊन जिल्हा समितीकडे जायचे.